सात वर्षांचा आरोपी आणि अठरा वर्षांची सही

आपल्या मंडळाच्या बैठकीत असो, लग्नाच्या पंगतीत असो की सौंसर-पांढुर्णा बसमध्ये असो, गेली काही वर्षे एक वाक्य सारखे कानावर पडते. "आता पोरांचं वय खाली आणा, त्याशिवाय ही जात सुधारायची नाही." म्हणणारी माणसे साधी असतात, सज्जन असतात. घरात मुले-नातवंडे असलेली असतात. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या प्रकरणानंतर हे वाक्य सुरू झाले आणि पुण्याच्या पोर्शे प्रकरणानंतर ते घोषणेसारखे झाले. या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते आहे, आणि त्या सरमिसळीत आपल्याच भागातल्या लहान मुलांचे नुकसान होऊ शकते, असे मला वाटते. म्हणून हा लेखप्रपंच.

पुण्याचे प्रकरण आपल्याला जवळचे आहे. १९ मे २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर कल्याणीनगर भागात भरधाव गाडीखाली जे दोन तरुण अभियंते गेले ते दोघेही मध्य प्रदेशचे होते. एक जबलपूरची मुलगी, दुसरा उमरिया जिल्ह्यातला मुलगा. आपल्या राज्यातली हुशार मुले नोकरीसाठी पुण्याला जातात, आपल्या पांढुर्ण्यातूनही जातात, त्यामुळे तो घाव आपल्या घरातलाच वाटला. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला आणि तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. त्या निबंधाने देश पेटला. मग त्याला निरीक्षण गृहात पाठवले गेले, २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तेथून सोडण्याचा आदेश दिला, आणि जुलै २०२५ मध्ये मंडळाने त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी फेटाळली. राग येण्यासारखेच हे सारे आहे. मलाही आला.

पण त्या प्रकरणात अटका कोणाकोणाला झाल्या ते आठवा. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून आई-वडील पकडले गेले, सरकारी रुग्णालयातले डॉक्टर पकडले गेले. म्हणजे ओरड मुलाच्या वयावर झाली, आणि आरोप मात्र मोठ्यांच्या वागण्यावर आले. आता मुख्य मुद्दा. ही सगळी चर्चा सोळा ते अठरा या वयाची आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने, जो १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाने अघोर गुन्हा केला असेल तर त्याची प्राथमिक पारख करून प्रौढासारखा खटला चालवण्याची सोय आधीच करून ठेवली आहे. अघोर गुन्हा म्हणजे ज्याला कायद्याने किमान सात वर्षे शिक्षा आहे तो, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले. त्या व्याख्येवर भांडायचे असेल तर भांडता येईल. मला आज त्या टोकाबद्दल बोलायचे नाही.

मला बोलायचे आहे दुसऱ्या टोकाबद्दल, ज्याबद्दल पंगतीत कोणीच बोलत नाही. आपल्या देशात मूल किती वर्षांचे झाले की ते कायद्याने गुन्हा करू शकते? मी आमच्या ओळखीतल्या बऱ्याच सुशिक्षित माणसांना हा प्रश्न विचारला. कोणी अठरा म्हणाले, कोणी सोळा, एका निवृत्त शिक्षकांनी चौदा सांगितले. खरे उत्तर आहे सात.

होय, सात. दुसरीतले मूल. ज्याला अजून दुधाचे दात आहेत, ज्याला आई शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला जाते. भारतीय दंड संहितेच्या ८२ व्या कलमात लिहिले होते की सात वर्षांखालील मुलाने केलेली कोणतीही गोष्ट गुन्हा नाही. आणि ८३ व्या कलमात होते की सात ते बारा या वयातल्या मुलाचे कृत्य गुन्हा ठरणार नाही, जर त्या प्रसंगी आपल्या कृत्याचे स्वरूप व परिणाम समजण्याइतकी परिपक्वता त्याला आलेली नसेल. म्हणजे समज आलेली आहे असे ठरले, तर आठ वर्षांचा मुलगा गुन्हेगार ठरू शकतो. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. इंग्रजांचा वारसा पुसला असे सांगितले गेले. कलमांचे सगळे आकडे बदलले, वकीलमंडळींना नव्याने पाठांतर करावे लागले. ८२ चे २० झाले, ८३ चे २१ झाले. आतले सात आणि बारा मात्र जिथल्या तिथे राहिले.

हे सात आले कुठून? मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये संहितेचा मसुदा केला, ती १८६० मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. त्या काळी इंग्लंडमध्ये सात ही रेषा होती, ती इकडे आली. गंमत अशी की, ज्यांनी आपल्याला सात दिले त्यांनी स्वतः १९३३ मध्ये आठ केले आणि १९६३ मध्ये दहा. आपण दिलेल्या कर्जाचे कागद सावकाराने फाडून टाकावेत आणि कुळाने मात्र वर्षानुवर्षे हप्ता भरत राहावे, तसा हा प्रकार आहे.

काही जण म्हणतील, बाल न्याय कायदा आहे ना, मग सात असो की दहा, मूल तुरुंगात तर जात नाही. ते खरे आहे आणि ते मी नाकारत नाही. अठरा वर्षांखालील मुलाला हातकडी घालता येत नाही, कोठडीत ठेवता येत नाही, चोवीस तासांत मंडळापुढे उभे करावे लागते, आणि किरकोळ गुन्ह्यात प्रथम खबरी अहवालही नोंदवायचा नसतो. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यातली एक तरी महिला असावी लागते. समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, देखरेखीखाली सोडणे, आणि शेवटचा उपाय म्हणजे जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृह. कायदा चांगला आहे. पण त्या कायद्याच्या दारात मूल "विधिसंघर्षग्रस्त बालक" म्हणून शिरते, म्हणजे त्याच्यावर आरोप आहे. आठ वर्षांच्या मुलाला पोलीस ठाण्याची पायरी चढायला लावून, साध्या कपड्यातल्या पोलिसाने का होईना, "तू हे का केलंस" असे विचारणे हे त्या मुलाच्या जन्मभर लक्षात राहते. गावाच्याही राहते. आपली गावे लहान आहेत. पांढुर्ण्यात सकाळी झालेली गोष्ट दुपारी सावरगावच्या पारावर असते.

सावरगावचे नाव आले म्हणून गोटमारीकडे वळतो, कारण त्या २१ व्या कलमाची खरी परीक्षा आपल्याच जांब नदीच्या पात्रात होऊ शकते.

गोटमार म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर झेंडा, एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मध्ये गोट्यांचा पाऊस. शेकडो माणसे जखमी होतात. दरवर्षी प्रशासन मनाईहुकूम काढते, पोलीस उभे असतात, रुग्णवाहिका उभ्या असतात, आणि गोटे चालूच असतात. ही परंपरा असावी की नसावी, यावर आपल्या समाजात दोन मते आहेत आणि तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. मला दाखवायचे आहे ते असे की, तोच दिवस तान्ह्या पोळ्याचाही असतो. सात-आठ वर्षांची पोरे लाकडाचे नंदी घेऊन घरोघर हिंडतात, बोजारा मागतात. नंदी घरी ठेवला की तीच पोरे नदीकाठी धावतात. कोणी गोटे वेचून मोठ्यांना देतो, कोणी स्वतः भिरकावतो.

समजा दहा वर्षांच्या पोराच्या हातून गेलेल्या गोट्याने समोरच्या माणसाचा डोळा गेला. आता कलम काय विचारते? त्या प्रसंगी त्या मुलाला आपल्या कृत्याचे स्वरूप व परिणाम समजण्याइतकी परिपक्वता होती का? हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारून पाहा. त्याचे वडील गोटे मारत आहेत, काका मारत आहेत, समोर कलेक्टर साहेब मंडपात बसले आहेत, देवीच्या नावाचा जयघोष चालू आहे. त्या मुलाला परिणाम समजला असेल तर एकच, की नेम लागला की शाबासकी मिळते. परिपक्वता कोणाची तपासायची, त्याची की आपली? आणि त्याउलट तोच गोटा त्याच पोराने पोळ्यानंतर आठ दिवसांनी शेजाऱ्याच्या खिडकीवर मारला तर? त्याच मुलाला आठ दिवसांत समज आली असे धरायचे काय? एकाच मुलाची समज कॅलेंडरप्रमाणे बदलत असेल तर ती मोजणारी पट्टी चुकीची आहे. सात ते बारा या पाच वर्षांत "समज होती की नव्हती" हे ठरवण्याचे काम कायद्याने ठाणेदारावर, वकिलावर आणि दंडाधिकाऱ्यावर सोपवले आहे. श्रीमंताच्या मुलाच्या बाबतीत ती समज हमखास नसते, आणि रेल्वे फाटकाशेजारच्या झोपडीतल्या मुलाच्या बाबतीत हमखास असते. हे मी अनुभवाने सांगत नाही, व्यवहाराने सांगतो.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला व्यापारी कायदा होता. त्यात १९०३ चा मोहरीबीबीचा निकाल घोकून घेतलेला अजून पाठ आहे. अज्ञानाने, म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्द. नंतर तो सज्ञान झाल्यावर म्हणाला की मान्य आहे, तरीही रद्द. १८७२ चा करार कायदा आणि १८७५ चा सज्ञानता कायदा, दोन्ही त्याच इंग्रजांचे. बँकेत आल्यावर त्याचा अर्थ रोज हाताशी येतो. सतरा वर्षे अकरा महिन्यांच्या मुलाची कर्जाच्या कागदावरची सही आम्ही घेत नाही. जामीनदार म्हणून तर नाहीच नाही. दहा वर्षांवरील मुलाला स्वतःचे बचत खाते चालवता येते, ही सोय रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये दिली आणि २०२५ मध्ये नव्याने सांगितली. पण त्यालाही बँक मर्यादा घालते आणि खात्यात शिल्लक हवीच, उणे खाते चालत नाही. यात शहाणपण आहे. मुलाला त्याच्याच पैशाने शिकू द्यायचे, पण त्याच्या डोक्यावर देणे होऊ द्यायचे नाही.

मग पैशाच्या बाबतीत ज्याला आपण देणेकरी होऊ देत नाही, त्याला फौजदारीच्या बाबतीत सातव्या वर्षापासून देणेकरी कसे धरायचे? मला या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही वकिलाने अजून पटेल असे दिलेले नाही. एक वकील मित्र म्हणाले, "करारात हिशेब लागतो, चोरी वाईट आहे हे तर लेकराला कळतं." कळते. चोरी वाईट हे पाच वर्षांच्या मुलालाही कळते, म्हणून त्याला घरी धपाटा मिळतो. पण धपाटा आणि फिर्याद यात फरक आहे.

आपल्या राज्यातले एक उदाहरण इथे नोंदवतो. एप्रिल २०२२ मध्ये रामनवमीच्या वेळी खरगोनला दंगल झाली. मध्य प्रदेशात २०२१ मध्ये झालेल्या कायद्याप्रमाणे नुकसानभरपाई वसूल करण्यासाठी दावा न्यायाधिकरण बसले. त्या न्यायाधिकरणाने एका बारा वर्षांच्या मुलाच्या नावे २ लाख ९० हजार रुपयांची नोटीस काढली. दंगल झाली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता असे घरच्यांचे म्हणणे होते. तो कोणत्या बाजूचा, हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ते कळल्यावर आपण आधी बाजू पाहतो आणि मग वय. आमच्या काउंटरवर तो मुलगा आला असता तर दोन हजार रुपयांच्या कर्जासाठी मी त्याचा अर्ज हातात घेतला नसता. आणि सरकारी नोटीस त्याला जवळपास तीन लाखांचा देणेकरी मानते. दंगलीत मुले असतील तर त्यांना तिथे कोणी आणले हे शोधायचे काम पोलिसांचे आहे. त्यासाठी बाल न्याय कायद्यात चांगले ८३ वे कलम आहे. मुलांचा बेकायदा कामासाठी वापर करणाऱ्या मोठ्यांना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. लग्नाच्या मांडवात दागिन्यांची बॅग उचलायला दहा वर्षांचे पोर पाठवणाऱ्या टोळ्यांना हेच कलम लागते. ते किती वेळा लावले जाते, हे आपल्या प्रतिनिधींनी विधानसभेत विचारावे. मोटार वाहन कायद्याने २०१९ मध्ये हेच तत्त्व मानले. अज्ञान मुलगा गाडी चालवताना सापडला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. म्हणजे मोठ्यांना जबाबदार धरता येते. इच्छा पाहिजे.

आता मी सर्वांत कठीण प्रकरणाकडे येतो, कारण माझ्या म्हणण्याविरुद्ध उभे राहणारे तेच आहे, आणि माझ्या बाजूनेही तेच बोलते.

पुण्यातील राठी हत्याकांड जुन्या वाचकांना आठवत असेल. २६ ऑगस्ट १९९४. एकाच घरातली सात माणसे मारली गेली. त्यात मुले होती, एक गर्भवती स्त्री होती. महाराष्ट्र हादरला, आणि नागपूरची वर्तमानपत्रे वाचणारे आपणही हादरलो. आरोपींना १९९८ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि सप्टेंबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कायम केली. त्यातला एक आरोपी राजस्थानातल्या बिकानेरकडचा. कागदोपत्री त्याचे नाव वेगळे लागले होते आणि वय विशीच्या घरातले. पुढे कितीतरी वर्षांनी शाळेच्या दाखल्यावरून त्याने अर्ज केला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितले, आणि २७ मार्च २०२३ रोजी निकाल दिला की घटनेच्या दिवशी त्याचे वय बारा वर्षे सहा महिने होते. तो नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून बाहेर आला, आपल्यापासून रेल्वेने दोन तासांवर. अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तो आत होता, त्यातला बराच काळ फाशीच्या दोराखाली. कायद्याने त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता आले असते. त्याचे नाव सर्व वर्तमानपत्रांनी छापले. मी छापत नाही, कारण अज्ञानपणीच्या प्रकरणात ओळख उघड करू नये असे त्याच बाल न्याय कायद्याचे ७४ वे कलम सांगते.

कोणी म्हणेल, बघा, बारा वर्षांचा मुलगा सात खुनांच्या प्रकरणात असू शकतो, आणि तुम्ही वय वाढवा म्हणता! मी आकडेमोड करणारा माणूस आहे, म्हणून सरळ सांगतो. मी जी बारा वर्षांची रेषा मागतो आहे, ती त्या वेळी असती तरी हा मुलगा तिच्या सहा महिने पलीकडेच होता. तो बाल न्याय व्यवस्थेतच गेला असता, जावा असताच. रेषा बाराला नेल्याने असे प्रकरण हातातून सुटत नाही. त्या प्रकरणाने दाखवले ते वेगळेच. गुन्हा जितका भयंकर, तितके मुलाच्या वयाकडे कोणाचे लक्ष राहत नाही. पोलीस, वकील, सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, इतक्या पायऱ्या झाल्या. गुन्ह्याच्या दिवशी मिसरूडही न फुटलेल्या पोराला फाशी झाली आणि ती अमलात आली नाही एवढेच नशीब. मारल्या गेलेल्या सात जणांच्या नातलगांना या निकालाने काय वाटले असेल, हे लिहायला माझ्याजवळ शब्द नाहीत. पण पहिल्याच दिवशी वय नीट तपासले असते, तर त्यांनाही अठ्ठावीस वर्षांनी तो विषय पुन्हा ऐकावा लागला नसता.

यातून आपल्यासाठी एक अगदी घरगुती गोष्ट निघते, ती म्हणजे कागद. कायद्याच्या ९४ व्या कलमाप्रमाणे वय ठरवताना आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आता आमच्या काउंटरवर केवायसीचे कागद पाहताना मला रोज दिसते की आपल्या भागात कित्येकांचा जन्म १ जुलैचा आहे. एवढी माणसे एकाच दिवशी जन्मली नाहीत. ती एकाच दिवशी शाळेत घातली गेली. गुरुजींनी अंदाजाने तारीख टाकली, आणि बाप "टाका जी काही तरी" म्हणाला. नोकरीत दोन वर्षे जास्त मिळावीत म्हणून वय कमी लिहिणारे आहेत, आणि पोरगी लवकर उजवता यावी म्हणून वाढवून लिहिणारेही आहेत. ज्या दिवशी मूल पोलीस ठाण्यात उभे राहते त्या दिवशी हा अंदाजपंचे आकडा त्याचे सारे भवितव्य ठरवतो.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि ती इतर कोणी लिहिणार नाही म्हणून आपल्या पत्रकात लिहिलीच पाहिजे. १९५६ पर्यंत आपला राज्यकारभार नागपूरहून चालत होता. मुलांच्या गुन्ह्यांसाठी वेगळा कायदा मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये, मुंबईने १९२४ मध्ये आणि आपल्या मध्य प्रांताने १९२८ मध्ये केला. म्हणजे या बाबतीत आपण मागासलेले नव्हतो. आज ठाण्याची, मंडळाची, न्यायालयाची भाषा हिंदी आहे, आणि मोठ्यांना तिची अडचण नाही. पण सात-आठ वर्षांचे पोर घाबरले की मायबोलीतच बोलते. ते म्हणते, "म्या मुद्दाम नाही मारला जी, हातचा सुटला." कागदावर उतरते, "मैंने पत्थर मारा." मधला "मुद्दाम नाही" गेला की २१ व्या कलमातली समज आपोआप सिद्ध होते. बाल न्याय कायद्याच्या ८ व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की मुलाला कामकाजाची भाषा समजत नसेल तर मंडळाने दुभाषी द्यायचा. तो मागायचा असतो हे किती पालकांना ठाऊक आहे? आपल्या समाजातल्या निवृत्त शिक्षकांनी अशा कामासाठी नावे द्यावीत, यात कोणाची परवानगी लागत नाही.

जगात काय चालले आहे तेही थोडक्यात पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात भारत डिसेंबर १९९२ मध्ये सामील झाला. त्या करारावर लक्ष ठेवणाऱ्या समितीने २००७ मध्ये बारा ही किमान रेषा सांगितली आणि २०१९ मध्ये चौदा. स्कॉटलंडने डिसेंबर २०२१ पासून आठचे बारा केले. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा असलेल्या प्रदेशाने जुलै २०२५ पासून चौदा केले. आणि त्याच देशातल्या उत्तर प्रदेशाने, म्हणजे त्यांच्या नॉर्दर्न टेरिटरीने, २०२३ मध्ये दहाचे बारा केले आणि सरकार बदलताच २०२४ मध्ये पुन्हा दहा केले. म्हणजे राजकारण तिथेही आहे. इंग्लंडमध्ये १९९३ साली दोन दहा वर्षांच्या मुलांनी दोन वर्षांच्या बाळाला मारले, आणि मोठ्यांच्या न्यायालयात त्यांच्यावर खटला चालला. १९९९ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने म्हटले की त्या मुलांना न्याय्य सुनावणी मिळाली नाही. इंग्लंडने दहा तरीही सोडलेले नाहीत.

आपल्याकडे धाडसाने पाऊल उचलायला अडचण कसली? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात मुलांविरुद्ध देशभरात तीस हजारांहून थोडी अधिक प्रकरणे आहेत. या यादीत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोन्ही वरच्या क्रमांकांवर आहेत, हे आपल्याला शोभणारे नाही. पण पकडलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक मुले सोळा ते अठरा वयाची आहेत. बारा वर्षांखालची मूठभर. रेषा बारावर नेली तर कोणती कोर्टे ओस पडणार नाहीत आणि कोणते दरोडेखोर मोकाट सुटणार नाहीत. त्या मूठभर मुलांना बालकल्याण समितीपुढे नेता येते, त्यांच्या घराची चौकशी करता येते, आईबापांना बोलावता येते. फक्त त्यांच्या नावापुढे गुन्हा लिहिला जाणार नाही.

चौदावर जावे काय, याबद्दल मी अजून ठाम नाही. आपल्याकडची चौदा वर्षांची पोरे मोटारसायकली चालवतात, शेतावर मजूर सांभाळतात, मोबाइलवर जगाचे सगळे पाहतात. त्यांच्याबाबत आजची बाल न्याय मंडळाची व्यवस्था मला पुरेशी वाटते. पण बारावर माझा आग्रह आहे, आणि तोही "समज होती का" या शेपटाशिवाय. न्याय संहितेचे २१ वे कलम काढून २० व्या कलमात साताच्या जागी बारा लिहिले की काम झाले. त्यासाठी आपल्या छिंदवाडा मतदारसंघाच्या खासदारांना निवेदन द्यावे, कारण ही दुरुस्ती दिल्लीतच होऊ शकते. दुसरे निवेदन कलेक्टर साहेबांना. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा आणि सौंसर मिळून आपला वेगळा जिल्हा झाला आहे. बाल न्याय कायदा प्रत्येक जिल्ह्याला किमान एक मंडळ मागतो. आपल्या जिल्ह्याचे मंडळ कुठे बसते, आठवड्यातून किती दिवस बसते, तिथे मराठी समजणारा माणूस आहे का, आणि नांदनवाडीच्या किंवा मोहगावच्या बाईला पोराची तारीख असली की मजुरी बुडवून छिंदवाड्याला जावे लागते का, एवढी माहिती लेखी मागावी. गोटमारीच्या नियोजनाच्या बैठकीत पंधरा वर्षांखालील मुलांना पात्राजवळ येऊ देऊ नये, हा विषय मंडळाच्या प्रतिनिधीने मांडावा. पोळ्याआधी महिनाभर तरी.

कार्यकारिणीची मंजुरी मिळाली तर दोन्ही निवेदनांचा मसुदा मी करून देईन. एक प्रत हिंदीत करावी लागेल आणि सह्या घेताना पत्ता पूर्ण लिहून घ्यावा. मुलांच्या सह्या मात्र घेऊ नयेत, त्या धरल्या जाणार नाहीत.